रुगर १०/२२ : आधी काडतुसाचा हिशेब, मग रायफल

पॉइंट टू-टूची (.२२, हा नळीच्या व्यासाचा इंचातला आकडा) ५०० काडतुसं आमच्या भागात सध्या ४० डॉलरच्या आसपास मिळतात. .२२३ची तेवढीच घ्यायला गेलं तर २५० डॉलर जातात, आणि .३०८ची घ्यायची म्हटली तर ५०० डॉलरची तयारी ठेवावी लागते. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी "ताई, पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल कोणती घेऊ?" असं विचारलं की मी हे आकडे आधी सांगते, आणि मग आम्ही घेतलेल्या रुगर कंपनीच्या .२२ रायफलीबद्दल, म्हणजे १०/२२बद्दल. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे दर वेळी चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरते. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा रायफलीची किंमत असते, काडतुसाची नसते. रायफल नीट ठेवली तर पुढच्या पिढीलाही पुरते. काडतुसं मात्र रेंजवर गेलं की संपतात, आणि ती संपल्याशिवाय हात बसत नाही.

आम्ही अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेला राहतो. घरात मी, नवरा आणि १६ वर्षांची मुलगी. कोल्हापुरात कॉलेजात असताना मी एनसीसीत होते आणि कॅम्पात पॉइंट टू-टूची बोल्टची रायफल, म्हणजे दर गोळीला हाताने मागे-पुढे करायची, चालवायला मिळायची. गोळ्या मोजून वाट्याला यायच्या, त्यामुळे एकेक गोळी जपून मारायची सवय तेव्हाच लागली. पुढे तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं पडून) जगज्जेती झाली, २०२४ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) कांस्यपदक घेतलं. दोघंही आमच्या जिल्ह्याची. त्यांच्या रायफली अगदी वेगळ्या, एकेक गोळी भरायच्या आणि फार महागड्या. पण काडतूस तेच,.२२ लाँग रायफल. त्यामुळे इथे कुणी पॉइंट टू-टूला पोरांचं खेळणं म्हटलं की मला राहवत नाही, मी ही दोन नावं सांगते.

आमची गरज साधी होती. तिघांनी मिळून शिकायचं, महिन्यातून दोनदा तरी रेंजवर जायचं, आणि खर्च घरखर्चात कुठे बोचू नये. बाजारात सेमी-ऑटोमॅटिक रायफली ढिगाने आहेत, पण निर्णय खरा काडतुसाचाच असतो. ते ठरलं की रायफलींची यादी आपोआप छोटी होते.

.२२ लाँग रायफल हे १८८७ सालचं काडतूस. ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) शिशाची गोळी सेकंदाला साधारण १,२३५ फुटांनी सुटते आणि तिची ताकद १३५ फूट-पौंडांच्या आसपास भरते. .२२३ रेमिंग्टनची ५५ ग्रेनची गोळी ३,२४० फुटांच्या वेगाने जाते, ताकद १,२८० फूट-पौंडांच्या घरात. म्हणजे नऊपटीहून जास्त. कागदावर हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की .२२ बिचारं वाटतं. पण २५ यार्डांवरच्या कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही. तिथे गोळी कुठे लागली एवढंच दिसतं आणि ती का चुकली हे खांद्याला धक्का न बसल्यामुळे स्वच्छ कळतं. श्वास अडला, चाप ओढायच्या ऐवजी झटकला, डोळा मिटला, हे सगळं .२२ दाखवून देते. मोठ्या काडतुसात ते धक्क्याखाली झाकलं जातं.

१०० यार्डांवर .२२ची परीक्षा असते. ५० यार्डांवर साइट (नेम धरायची खूण) लावलेली असेल तर १०० यार्डांवर गोळी पाच-सहा इंच खाली जाते आणि टेक्सासचा वारा तिला बाजूला ढकलतो. मला हा तिचा मोठा गुण वाटतो. वारा वाचायला शिकायचा असेल तर पॉइंट टू-टू घेऊन १०० यार्डांवर बसावं. .२२३ घेऊन तोच धडा गिरवायचा तर बरंच लांबचं मैदान लागतं, आणि शहरालगत तशी मैदानं कमी आहेत.

९ मिमीच्या कार्बाइनचा, म्हणजे पिस्तुलाचं काडतूस मारणाऱ्या आखूड रायफलीचा, विचार आम्ही मनापासून केला. रुगरचीच पीसी कार्बाइन हातात घेतली. दोन तुकड्यांत सुटते, पिशवीत बसते, मॅगझिनचा (काडतुसांच्या पेटीचा) साचा बदलून ग्लॉक पिस्तुलाची मॅगझिनंही चालतात. काडतूस २५ सेंटांच्या आसपास पडतं, म्हणजे .२२३च्या निम्म्याने. ज्याच्याकडे आधीच ग्लॉक आहे त्याने ती जरूर बघावी. एकाच खोक्यातली काडतुसं आणि एकच मॅगझिन दोन्हीकडे चालणं ही मोठी सोय आहे. पण ही रायफल ब्लोबॅकवर चालते, म्हणजे बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा) नुसत्या वजनावर आणि स्प्रिंगवर बंद राहतो. त्यामुळे तो जड ठेवावा लागतो आणि मागे येताना खांद्याला जाणवतो. काडतूस पिस्तुलाचं असूनही धक्का अपेक्षेपेक्षा टोचतो. १०० यार्डांपुढे गोळी झपाट्याने खाली जाते. आमच्याकडे पिस्तूल नाही, मग .२२च्या तिप्पट पैसे मोजून आम्हाला हाती काय लागलं असतं?

७.६२ बाय ३९, म्हणजे एके-४७चं काडतूस, स्वस्त असतं, हा सल्ला अजून सर्रास ऐकू येतो. तो आता शिळा झाला आहे. रशियातून पोलादी केसची (बाहेरच्या नळकांड्याची) काडतुसं येत होती तोवर ते खरं होतं. २०२१च्या सप्टेंबरपासून अमेरिकेने रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने थांबवले, आणि आता हे काडतूस .२२३च्या बरोबरीला किंवा वरच मिळतं. एके आवडते म्हणून घ्यायची असेल तर घ्यावी, पैसे वाचतील म्हणून घेऊ नये.

.३०० ब्लॅकआउटबद्दल मी जरा कडक बोलते. २०११ला प्रमाणित झालेलं हे काडतूस .२२३च्याच केसवर बनलेलं आहे, त्याच मॅगझिनमध्ये जातं, तोच बोल्ट वापरतं. नेमकी इथेच भीती आहे. ५.५६च्या (.२२३चं सैनिकी भावंड) रायफलीत चुकून .३०० ब्लॅकआउटचं काडतूस बसलं आणि चाप ओढला तर जाड गोळी बारीक नळीत अडकते आणि रायफल हातात फुटते. ज्या घरात दोन-तीन माणसं एकाच कपाटातून सामान काढतात तिथे ही दोन काडतुसं एकत्र नसावीत. शिवाय ते महागही आहे.

.३०८ आमच्यासाठी नव्हतंच. २,६०० फूट-पौंडांचं काडतूस, आठ-नऊ पौंडांची रायफल, एका गोळीला जवळपास डॉलर. लांबवर मोठं जनावर मारणाऱ्यांचं ते काम आहे.

राहिले दोन, .२२ आणि ५.५६. आमच्या गावातल्या छोट्या दुकानात काउंटरमागे एक साठीपुढचे गृहस्थ असतात. त्यांनी आम्हाला रायफल दाखवायच्या आधी तीन गोष्टी विचारल्या : कशावर मारणार, किती लांबून, आणि महिन्याला किती गोळ्या. उत्तरं ऐकल्यावर त्यांनी भिंतीवरच्या एआर-१५ला, म्हणजे ५.५६ मारणाऱ्या रायफलीला, हातही लावला नाही. मुलीला १०/२२ खांद्याला लावायला दिली, मग तिचीच आखूड आवृत्ती, कॉम्पॅक्ट, दिली, आणि मागे उभं राहून तिची मान कुठे जाते ते बघत राहिले. साध्या १०/२२ कार्बाइनमध्ये दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर साडेतेरा इंच आहे, कॉम्पॅक्टमध्ये पाऊण इंच कमी. तेवढ्याशा फरकाने मुलीचा गाल दस्त्यावर टेकायला लागला. जास्त महागाचं काहीतरी विकायची संधी सोडून देणारा विक्रेता मला फार मोलाचा वाटतो. एका मोठ्या साखळी दुकानात मात्र आमच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. तिथे नवऱ्याला एआर दाखवली आणि मला गुलाबी रंगाची पिशवी.

आम्ही साधी कार्बाइनच घेतली, ३०० डॉलरच्या आसपास. मुलगी उंच होते आहे आणि दस्ता पुढे बदलता येतो.

आता रायफलीबद्दल. रुगरने १०/२२ काढली १९६४ साली, आणि तिचा गाभा अजून तोच आहे. वजन पाच पौंड, नळी साडेअठरा इंच, रिसीव्हर (बोल्ट बसतो तो मधला सांगाडा) ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. तिची खरी कमाल मॅगझिनमध्ये आहे. .२२च्या काडतुसाला बुडाशी कडा असते. साध्या मॅगझिनमध्ये अशी काडतुसं एकावर एक रचली की वरच्याची कडा खालच्याच्या मागे अडकते आणि रायफल खोळंबते. रुगरने आत फिरता रोटर बसवला. दहा काडतुसांना दहा स्वतंत्र खाचा, कुणाची कडा कुणाला लागत नाही. शिवाय हे मॅगझिन दस्त्याच्या तळाशी सपाट बसतं, खाली काही लोंबत नाही. रायफल एका हाताने उचलताना तोल नेमका जिथे असतो तिथेच हात बसतो. २५ गोळ्यांचं बीएक्स-२५ही मिळतं, पण मी ते घेतलं नाही. दहा गोळ्यांनंतर थांबणं, श्वास घेणं आणि कागदाकडे बघणं शिकणाऱ्याला हवंच.

उणिवाही स्पष्ट सांगते. कारखान्यातला चाप जड आहे, पाच-सहा पौंडांचा, आणि सुटायच्या आधी थोडा घासत येतो. रुगरचाच बीएक्स ट्रिगर अडीच ते तीन पौंडांचा आहे आणि दोन पिना काढून घरी बसवता येतो. तो वर्षभराने घ्यावा, आधी जड चापावर बोट तयार होऊ द्यावं, असं माझं मत आहे. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट मागे थांबत नाही, त्यामुळे मॅगझिन रिकामं झालेलं नुसतं बघून कळत नाही. म्हणून आमच्याकडे नियम आहे : मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढून अडकवायचा, चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) डोळ्याने बघायचं आणि मग शेजारच्याला दाखवायचं. एनसीसीतलं "खाली कर" आजही तोंडात येतं. बोल्ट अडकवायची कळ हाताला बसायला वेळ लागतो. रिसीव्हर मागून बंद आहे, त्यामुळे नळी पुढच्या तोंडाकडून साफ करावी लागते. तिथे सळई घासून नळीचं तोंड खराब होऊ नये म्हणून मी लवचिक दोरीचं क्लीनर वापरते.

कारखान्यातल्या साइट पुढे सोनेरी मणी आणि मागे दुमडणारी खाच अशा आहेत. पन्नाशीकडे झुकलेल्या डोळ्यांना ती खाच धूसर दिसते. आम्ही टेक-साइटच्या बारीक भोकाच्या साइट लावल्या. भोकातून बघितलं की डोळा आपोआप मधोमध जातो आणि लक्ष फक्त पुढच्या खुंटीवर राहतं. दुर्बीण लावायला वर छिद्रं आहेत, पट्टीही खोक्यातच येते. नवरा दुर्बिणीच्या बाजूचा, मी आणि मुलगी साध्या साइटच्या. हा वाद मिटलेला नाही.

काडतुसांच्या बाबतीत १०/२२ चोखंदळ नाही, पण तिच्या आवडी आहेत. सीसीआय कंपनीचं मिनी-मॅग काडतूस तिच्यात निमूट चालतं. सीसीआयचंच स्टँडर्ड व्हेलॉसिटी १,०७० फुटांनी जातं, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या खाली, आणि म्हणूनच पूर्ण वाटेत गोळी स्थिर राहते. वेगवान गोळीला आवाजाचा वेग ओलांडून खाली येताना मध्येच हिसका बसतो. टेकू घेऊन ५० यार्डांवर स्टँडर्ड व्हेलॉसिटीचा ग्रुप (भोकांचा पुंजका) माझ्या हातून इंच-सव्वा इंचात येतो. बादलीतल्या स्वस्त गोळ्यांचा त्याच्या दुप्पट पसरतो, आणि त्यांतली एखादी पेटतच नाही. रिमफायरमध्ये स्फोटक मसाला काडतुसाच्या कडेत भरलेला असतो, तो कुठे विरळ राहिला तर असं होतं. अशा वेळी नळी समोरच धरून अर्धा मिनिट थांबायचं, मगच बोल्ट उघडायचा. सरावाला स्वस्त आणि मोजमापाला चांगली, अशा दोन्ही गोळ्या आम्ही ठेवतो.

या रायफलीची खरी किंमत मला ॲपलसीडच्या शिबिरात कळली. रेव्होल्यूशनरी वॉर व्हेटरन्स असोसिएशन देशभर ही दोन दिवसांची शिबिरं घेते. २५ मीटरवर लहान केलेली चित्रं लावतात, जी १०० ते ४०० यार्डांवरच्या माणसाएवढी दिसतात. उभं राहून, बसून आणि पालथं पडून मिळून ४० गोळ्या, २५० पैकी २१० गुण मिळाले की 'रायफलमन' हा किताब. मध्ये विश्रांतीला १९ एप्रिल १७७५ची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटलं त्या दिवसाची गोष्ट सांगतात. त्या मैदानावर आमच्या रांगेत बहुतेकांकडे १०/२२च होती, भोकाच्या साइट आणि सुती पट्टा लावलेली. शनिवार-रविवारला ४०० गोळ्या सहज जातात. .२२मध्ये ते ३२ डॉलर झाले. शेजारचा तरुण एआर घेऊन आला होता, त्याच्या तेवढ्याच गोळ्यांचे २०० डॉलर झाले. तिथे पट्टा दंडाला कसा आवळायचा, कोपर रायफलीखाली कसं आणायचं, आणि जोर न लावता रायफल आपसूक कुठे बघते ते कसं शोधायचं, हे मुलगी शिकली. रविवारी दुपारी तिचे गुण २१० च्या पुढे गेले. मला आणखी एक शिबिर लागलं.

ज्यांच्याकडे शेत आहे, रानडुकरं येतात, त्यांचं गणित वेगळं आहे. आमच्या ओळखीचे एक कुटुंब विचिटा फॉल्सकडे जमीन करतं, तिथे डुकरं एका रात्रीत पीक उलथं करून जातात. टेक्सासमध्ये २०१९पासून खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुकरं मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. पण .२२ घेऊन डुकरामागे जाणं म्हणजे जनावराला जखमी करून सोडणं, ते करू नये. हरणासाठी तर इथे रिमफायर कायद्यानेच बंद आहे. तिथे ५.५६ किंवा त्याहून मोठं हवं. रुगर एआर-५५६ किंवा स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५ स्पोर्ट यांसारखी साधी रायफल पुरते. नळीवर काय कोरलंय ते मात्र बघून घ्या. ५.५६ असेल तर .२२३ आणि ५.५६ दोन्ही चालतात, नुसतं.२२३ असेल तर ५.५६ भरू नये, दाब जास्त होतो. नळीच्या आतल्या पिळाचा आकडाही बघावा. आठ इंचाला एक फेरा असेल तर ५५ पासून सत्तरी ओलांडलेल्या ग्रेनपर्यंतच्या गोळ्या नीट जातात. हिरव्या टोकाच्या, आत पोलाद असलेल्या गोळ्या बंदिस्त रेंजवर घेत नाहीत. दारातच चुंबक लावून बघतात.

व्हिसावर असलेल्यांसाठी हे महत्त्वाचं. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना केंद्राच्या कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे; वैध शिकारीचा परवाना हा त्यातला एक ठरलेला अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना घेता येते. इथे चूक झाली तर सगळं इमिग्रेशन धोक्यात येतं, तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. न्यू जर्सीत खरेदीसाठी आधी ओळखपत्र काढावं लागतं आणि मॅगझिन दहा गोळ्यांचंच चालतं. १०/२२चं मूळ मॅगझिन त्यात बसतं. वॉशिंग्टन राज्यात मात्र .२२ असली तरी सेमी-ऑटोमॅटिक रायफलीला २१ वर्षांची अट आणि प्रशिक्षण लागतं. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मावसभावाला मी सांगितलेलं वॉशिंग्टनमधल्या सिॲटलच्या मैत्रिणीला लागू पडत नाही, म्हणून आपल्या राज्याचं आपण वाचावं.

सामानावरचे पैसे आम्ही असे लावले : साइट आणि पट्टा मिळून १०० डॉलरच्या आत, कुलपाची छोटी तिजोरी दीडशेची, तिघांसाठी कानाचं आणि डोळ्यांचं संरक्षण, आणि उरलेल्या सगळ्याची काडतुसं. तिजोरीत काटकसर करू नका. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आम्ही तिजोरी घेतलीच असती. कानांच्या बाबतीतही .२२ला सूट नाही, छोट्या रायफलीचा आवाजही १४० डेसिबलच्या आसपास जातो. .२२ची गोळी उघड्या शिशाची असते, बोटं काळी होतात. रेंजवरून निघताना गार पाण्याने साबण लावून हात धुवायचे, घरी आल्यावर ते कपडे वेगळे टाकायचे, आणि हात धुतल्याशिवाय मुलांना खाऊच्या पिशवीत हात घालू द्यायचा नाही.